जुन्या बाइकचे साइड पॅनल काढण्यापूर्वी

पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला वाटी हे ज्याचे त्याने पाहावे. पॅनलला हात लावण्यापूर्वी घरात असायलाच हवीत ती नवी रबरे, म्हणजे चॅसिसवरची, ज्यांत पॅनलच्या खुंट्या दाबून बसवलेल्या असतात. गेल्या वेळी नेमकी तीच राहून गेली होती. १९८५ ते १९९६ या काळातल्या यामाहा आरएक्स १०० वर मूळची रबरे अजून असतील, तर ती नखाने दाबून पाहावीत; नख रुतले नाही, तर त्या रबराचा दगड झाला आहे असे समजावे. अशा वेळी पॅनल ओढले की खुंटी आतच राहते आणि तिच्या बुडापासून बारीक पांढरी रेघ बाहेरच्या रंगापर्यंत सरकते. पॅनल न काढताही हेच घडते, फक्त सावकाश, कारण इंजिनाची थरथर शोषून घेणारे काही उरलेले नसते. म्हणून रबरे आधी आणावीत.

वेळ दुपारची निवडावी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा नाशिकमध्येही जाणवतो, आणि पॅनलच्या ज्या एबीएस प्लास्टिकमधला लवचिकपणा देणारा रबरी घटक वर्षानुवर्षांच्या उन्हाने निकामी झालेला आहे, ते पहाटेच्या थंडीत वाकत नाही, तुटते. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवावी किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल खुंटीच्या जागी धरावा. हीटगन नको. कोपरा धरून पॅनल ओढू नये. खुंटीच्या अगदी लगत बोटे घालून सरळ बाहेर घ्यावे. तरीही सुटत नसेल, तर सिलिकॉन स्प्रे मारून थांबावे, आणि शेवटी जुने रबर ब्लेडने कापून टाकावे. हे धाडस नवे रबर हाताशी असेल तरच करता येते. आणले आहे ना?

पेट्रोलने पॅनल पुसण्याची सवय गॅरेजांत सर्रास दिसते; ताणाखाली असलेल्या एबीएसला पेट्रोल आणि थिनर दोन्ही तडे पाडतात. पॅनलच्या स्क्रूला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे चिकट द्रव्य, हेही लावू नये, कारण आवळलेल्या भोकात उतरून तेही तडेच पाडते, आणि तडा लगेच दिसत नसल्याने दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. स्क्रूखालची धातूची कॉलर हरवली असेल, तर सातपूर-अंबडकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून प्लास्टिकच्या जाडीपेक्षा किंचित उंच करून घ्यावी. तिच्याशिवाय स्क्रूचा सगळा दाब प्लास्टिकवर येतो.

आधीच तडा असेल, तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवावा आणि आतून अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या एबीएसने भरावा. रंग नंतर.

बसवताना नव्या रबरात सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, साधे ग्रीस नको. तळव्याने दाबावे, बुक्की मारू नये. स्क्रू टेकला की थांबावे. काढलेली जुनी रबरे त्याच दिवशी फेकून द्यावीत. डब्यात राहिली, तर पुढच्या वेळी घाईत तीच पुन्हा बसवली जातात.