फ्लूची टेस्ट कधी करायची आणि लस का घ्यायची

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे फ्लू नाहीच असं धरून चालू नका, लोक नेमके इथेच फसतात. रॅपिड अँटिजेन टेस्टचा रिझल्ट 15-20 मिनिटांत हातात येतो आणि फ्लूची साथ चालू असताना पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक वेळा खरीच असते, पण फ्लू झालेल्या 100 जणांमधले साधारण 50 ते 70 जणच तिच्यात सापडतात, बाकीचे निसटतात. लॅबमध्ये होणारी आरटी-पीसीआर टेस्ट जास्त भरवशाची, फक्त रिझल्टला वेळ लागतो.

टेस्ट करायचीच तर लवकर करा, अंग मोडून ताप आल्यापासून 3-4 दिवसांच्या आत, नंतर नाकातला व्हायरस कमी होत जातो. स्वॅब घेताना डोकं मागे टेकवून स्थिर ठेवा आणि तोंडाने श्वास घ्या, कांडी नाकात बरीच आत जाते, डोळ्यांतून पाणी येतं पण काही सेकंदांचाच प्रश्न असतो.

तरुण आणि धडधाकट असाल तर टेस्टशिवाय घरी आराम केला तरी बहुतेकदा भागतं. पण 65 च्या पुढचे, गरोदर बायका, लहान मुलं, दमा, डायबिटीस किंवा हार्टचा त्रास असलेले, यांनी लगेच डॉक्टर गाठावा कारण ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि अशा पेशंटला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघताही ते देतात. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका, व्हायरसवर ती चालतच नाहीत. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले तर टेस्टचा विचार सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

आता लस. व्हायरस सतत रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे कोणते प्रकार, घ्यायचे ते सुचवते, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. स्ट्रेन नीट जुळले तर डॉक्टरकडे जायला लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. "मग घेऊनही होतोच ना" असं म्हणणारे भेटतात, हो, होऊ शकतो, पण आयसीयूपर्यंत जायची वेळ कमी येते आणि माझ्या मते घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे. इंजेक्शनच्या लशीने फ्लू होत नाही, तिच्यात जिवंत व्हायरस नसतो, दंड दुखणं किंवा एखाद दिवस कणकण एवढंच.

लस लागू पडायला साधारण 2 आठवडे जातात म्हणून साथ सुरू व्हायच्या आधीच घ्या, आणि 6 महिने ते 8 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात, तेवढं धरून तारीख ठरवा.