नवकवितेवरील निबंधाची प्रस्तावना कशी लिहावी

कविता पुन्हा पुन्हा वाचून झाली आहे, टिपणे काढली आहेत आणि निबंधाचा गाभा निदान कच्चा तरी उतरला आहे, असे येथे गृहीत धरले आहे. गाभा तयार नसताना प्रस्तावनेला हात घालू नये.

आता पहिले वाक्य. ‘दुसऱ्या महायुद्धानंतर मानवी मूल्यांची पडझड झाली आणि नवकवितेचा उदय झाला’ ही सुरुवात मार्गदर्शक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. त्या परिच्छेदातले बा. सी. मर्ढेकरांचे, म्हणजे नवकवितेच्या (स्वातंत्र्याच्या सुमारास मराठीत आलेल्या नव्या वळणाच्या कवितेच्या) अग्रणी कवीचे, नाव खोडून तिथे विंदा करंदीकर किंवा शरच्चंद्र मुक्तिबोध अशा दुसऱ्या नवकवीचे लिहून पाहावे. परिच्छेद तसाच उभा राहत असेल, तर तो संपूर्ण काढून टाकावा. ‘नवकवींनी छंद झुगारला’ हे वाक्य तर निव्वळ चुकीचे आहे, कारण मर्ढेकरांनी चहा-कॉफी घेऊन विजेची गाडी गाठणाऱ्या मुंबईकराची धावपळ चक्क अभंगात मांडली आहे. म्हणून सुरुवात युगापासून न करता कवितेतल्या एखाद्या ओळीपासून करावी.

खरी अडचण येते ती त्या ओळीवरून प्रतिपादनाकडे जाताना, आणि मीही बराच काळ नेमका इथेच अडत असे. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही कविता घ्या. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ आणि दोनच ओळींनंतर ‘माना पडल्या, आसक्तीविण’ ही पुनरुक्ती कोणाच्याही ध्यानात येते. बहुतेक जण तिची नोंद करतात, ‘यातून यांत्रिक जीवनाचे दर्शन घडते’ असे जोडतात आणि प्रतिपादन केल्याच्या समाधानात पुढे जातात. हे प्रतिपादन नव्हे, कारण त्याला कोणीच हरकत घेणार नाही. जाणत्या वाचकाला ‘मला हे पटत नाही’ असे म्हणता आले पाहिजे, तरच पुढची पाने लिहिण्याला काही कारण उरते. त्यासाठी निरीक्षणाला आणखी एक प्रश्न विचारावा: कवीने हे याच रीतीने का सांगितले असावे? मग लक्षात येते की दोन्ही ओळींत जे घडते त्यापेक्षा जे गैरहजर आहे तेच मोजले जात आहे, आणि हे मोजणे आठ-आठ मात्रांच्या घट्ट चालीत चालले आहे. एवढे हाती आले की प्रस्तावना साधारण अशी उतरते:

‘या कवितेत उंदरांच्या माना कोणी न मुरगळता पडतात आणि ओठ आसक्तीवाचून मिळतात, मरणाला मारेकरी नाही आणि मीलनाला इच्छा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ही अवस्था जराही न ढळणाऱ्या मात्रांच्या चालीत बसवली आहे. पुढे जगण्याची आणि मरण्याची जी सक्ती कविता उघडपणे बोलून दाखवते, ती वाचकाला या चालीतून आधीच जाणवू लागलेली असते, असे या निबंधात दाखवायचे आहे.’

यात महायुद्ध नाही, मर्ढेकरांचे जन्मगाव नाही आणि त्यांच्या ‘काही कविता’ या संग्रहावर झालेला अश्लीलतेचा खटलाही नाही. खटल्याचा मोह विशेष टाळावा. तो रंजक आहे यात शंका नाही, पण त्यावर तीन वाक्ये खर्च केली की वाचक खटल्याबद्दलच्या निबंधाची अपेक्षा करू लागतो आणि पुढे मात्रा मोजलेल्या पाहून बिचकतो.

संग्रहाचे नाव आणि वर्ष (‘काही कविता’, 1947) एकदाच, जमल्यास दुसऱ्या वाक्यात द्यावे. लांबी एका परिच्छेदाच्या पुढे नेऊ नये. ‘प्रस्तुत निबंधात आपण पाहणार आहोत’ यातले ‘आपण पाहणार आहोत’ कापावे.

शेवटी प्रस्तावनेतले प्रतिपादन निबंधाच्या अखेरच्या परिच्छेदाशेजारी ठेवून वाचावे. लिहिता लिहिता मत सरकलेले असते, आणि अशा वेळी बहुधा शेवटच बरोबर असतो; तेव्हा बदल प्रस्तावनेत करावा.