घरामागे ऑफिसची खोली बांधताय? इंदूरच्या काळ्या मातीत या चुका टाळा

मागच्या बागेत दहा बाय बाराची खोली काढायची म्हटली की ठेकेदाराचं उत्तर तयार असतं, "साहब, एक कमरा ही तो है, नींव में क्या रखा है!" खोली फसते ती इथेच.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दुमजली घराच्या वजनाखाली ती थोडीफार दबून राहते, हलक्या खोलीला मात्र सरळ उचलते. त्यामुळे बांधकाम हलकं असेल तर पायाचा विचार जास्तच करावा लागतो. मुरूम तीन-चार फुटांवर लागला तर पाया तिथवर न्या. खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्या. हे सुमारे साडेतीन मीटर खोल जाणारे, तळाशी कांद्यासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. त्यांच्यावरची बीम मातीला टेकू देऊ नका, खाली तीनेक इंच पोकळी हवी. आणि खोदून काढलेली काळी मातीच जोत्यात परत भरली जात नाही ना, हे उभं राहून बघा. मजूर फेऱ्या वाचवायला हमखास तेच करतात.

पाया नीट असूनही तडे गेले? मग बागेकडे बघा. भिंतीला चिकटून गुलाबाचा वाफा, त्याला रोज पाणी, आणि पलीकडच्या अंगाला कडुनिंब ओल शोषतोय. माती एकीकडे फुगणार, दुसरीकडे बसणार. वाफे हलवा, भोवती तीन फूट फरशी बाहेरच्या उताराची घाला, पन्हळीचं पाणी पाइपाने लांब सोडा. तडा मे महिन्यात रुंदावत असेल आणि पावसाळ्यात मिटत असेल तर पुट्टी भरण्यात पैसे घालवू नका. त्याच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आधी पाण्याचं बघा. सगळे ऋतू वाढतच राहिला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

छपराला नुसता पत्रा नको. मेमध्ये भट्टी, आणि जुलैत सरी कोसळताना फोनवर बोलणं अशक्य. पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं छप्पर, महाग वाटतं, पण एसीचं बिल वाचतं. माळव्यातल्या रात्री गार असतात, म्हणून समोरासमोर दोन खिडक्या ठेवा.

चित्रकलेचा स्टुडिओ असेल तर उत्तरेची खिडकी उत्तमच. मात्र इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेकडूनही आत येतं. तिथे छज्जा पुरत नाही, खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लागतात.

एमओएस (मार्जिनल ओपन स्पेस), म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांमधली जागा, मोकळीच ठेवायची असते. 'टिनाचं तर आहे' ही सबब नगर निगमापुढे चालेल असं धरू नका. आधी मंजूर नकाशा आर्किटेक्टला दाखवा.

वीज स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन ओढून घेऊ नका. मुख्य बोर्डातून वेगळी लाइन, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), जमिनीखालून आर्मर्ड म्हणजे धातूच्या कवचाची केबल आणि चांगलं अर्थिंग हवं. चर खणलाच आहे, तर वेगळ्या पाइपातून इंटरनेटची लॅन केबलही टाकून घ्या. घरातलं वायफाय दोन भिंती ओलांडून बागेत पोहोचेपर्यंत दमतं.