ट्रॅकवर टायर रिमवर सरकतो: माझा अनुभव

लक्षण: नवे टायर, बॅलन्सिंग चोख, तरी रेसिंग ट्रॅकवर पहिल्याच सेशननंतर ९०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. वजनं जागच्या जागी. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, त्रास पुढच्या चाकांना.

तीनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, मग हवा ४ पीएसआयने जास्त. दोन ट्रॅक-दिवस वाया गेले.

व्हॉल्व्हसमोर टायर आणि रिम दोन्हींवर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारली, तेव्हा कळलं. सेशननंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून पाच सेंटिमीटर दूर! जोरात ब्रेक लागला की रिम थांबू पाहते, टायर पुढे सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग बिघडतं. मूळ कारण बसवताना लावलेलं साबणपाणी. ते बीडखाली (टायरची रिमवर बसणारी कडा) ओलंच राहतं.

टायर उतरवा. रिमवर बीड बसते ती पट्टी आणि टायरची बीड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. चकचकीत रंग असेल तर त्या पट्टीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. फक्त पट्टीवर, खोल ओरखडे नकोत, नाहीतर हवा गळेल. परत पुसा. बसवताना पाण्यात विरघळणारी माउंटिंग पेस्ट अगदी पातळ लावा. सिलिकॉन, ग्रीस, भांड्यांचा साबण नको. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. मग २४ तास गाडी हलवायची नाही. घाईत इथेच घोळ होतो. नंतर बॅलन्सिंग, नवी रेघ, आणि पहिली दोन लॅप सौम्य ब्रेकिंगने.

तेव्हापासून रेघ हललेली नाही. गोंद मात्र लावू नका, टायर उतरवताना बीड फाटते.