सरपंचांशी वस्तीच्या कामाबद्दल बोलताना या चुका टाळा

पेठेतला सिमेंटचा रस्ता तिसऱ्यांदा होतो आणि कडेच्या वस्तीत पहिलाही होत नाही, ही तक्रार महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ऐकू येते. चार जण ती घेऊन सरपंचांकडे जातात, अर्धा तास बसतात, चहा होतो, "बघतो, करून टाकू" असं उत्तर मिळतं आणि विषय तिथंच राहतो. दरवेळी त्यामागे डावलायचा हेतू असतोच असं नाही. बऱ्याचदा मागणी चुकीच्या माणसापुढे, चुकीच्या महिन्यात आणि ज्यावर कुठलाच कागद हलत नाही अशा शब्दांत गेलेली असते. आणि समोरच्याला डावलायचंच असेल, तर मोघम मागणीइतकं सोयीचं त्याच्यासाठी दुसरं काही नाही.

"आमच्यावर अन्याय होतो" इथून सुरुवात करणं

अन्याय खरा असतो. पण हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. मग मागच्या पंचवार्षिकला कोणी काय केलं, कोणी मतं दिली नाहीत, यावर बैठक संपते. त्याऐवजी मोजलेला आकडा पुढे ठेवा.

पाण्याचंच बघा. "आमच्याकडे पाणी येत नाही" म्हटलं की "सगळ्यांना सारखंच सोडतो" हे उत्तर तयार असतं, आणि ते एका अर्थी खरंही असतं, कारण टाकीचा व्हॉल्व्ह सगळ्यांसाठी एकाच वेळी उघडतो. म्हणून 20 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. लाइनीच्या सुरुवातीचं एक घर, मधलं एक आणि वस्तीतलं शेवटचं एक, अशा तीन नळांवर बादली भरायला किती वेळ लागतो ते सलग चार दिवस लिहून ठेवा. समजा, पहिल्या नळाला 1 मिनिट लागलं आणि शेवटच्याला 5. पाणी 45 मिनिटं सुटत असेल, तर पहिल्या घराला 900 लिटर मिळू शकतं आणि शेवटच्या घराला 180. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. एवढा एक कागद टेबलावर ठेवला की बोलणं भावकीवरून उठून पाइपावर येतं.

पाइपावर आलं की कारणंही निघतात. वस्ती लाइनीच्या टोकाला असते, वरच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या असतात, मध्ये कुठे व्हॉल्व्ह नसतो. अशा वेळी नवी टाकी मागणं ही आणखी एक चूक. टाकी मंजूर होऊन उभी राहायला वर्षं जातात, आणि त्याच लाइनीला जोडली तर टोकाचं घर कोरडंच राहतं. आधी मागायचं ते विभागणीचा व्हॉल्व्ह, वस्तीसाठी पाण्याची वेगळी वेळ आणि पाणी सुटतं त्या वेळेत मोटारींची तपासणी. हे बोलणं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शेजारी बसवूनच करा. कुठला व्हॉल्व्ह जाम आहे, हे गावात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

काम कोणाच्या अखत्यारीतलं, हे न पाहता जाणं

गावातली गल्ली, गटार, दिवाबत्ती, नळयोजना ही ग्रामपंचायतीची कामं. गावाला जोडणारा ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. रोहित्र जळालं तर महावितरण. रेशनची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत, अंगणवाडीची पर्यवेक्षिकेकडे. सरपंच शिफारसपत्र देऊ शकतात, पण दुसऱ्या खात्याचं काम त्यांच्या माथी मारलं की तुमचं खरं ग्रामपंचायतीचं कामही त्याच ढिगात जातं. एका भेटीत एकच काम घेऊन जा.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी बघून ठेवा: तो रस्ता नमुना 23 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, चढलेला आहे का? नोंद नसेल तर प्रस्ताव तालुक्यातून परत येतो आणि इकडे सगळे सरपंचांना शिव्या घालत बसतात. समाजमंदिर, अभ्यासिका अशा बांधकामाला जागेचा उतारा लागतो. जागा कोणाच्या खासगी नावावर असेल, तर तोंडी "देतो की" चालत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. हा प्रश्न मंजुरीनंतर काढला की निधी परत जातो.

"निधी नाही" हे उत्तर तसंच घेऊन परत येणं

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर. "निधी नाही" याला काही अर्थ नाही. कुठला निधी नाही, हे विचारायचं.

पहिला, ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न, म्हणजे घरपट्टीसारख्या करांतून गावातच जमा होणारा पैसा. त्यातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी करायचा असतो. स्वउत्पन्न 8 लाख असेल तर हे आकडे अनुक्रमे 1,20,000, 80,000 आणि 40,000 रुपये होतात. "आमच्यासाठी काहीतरी करा" म्हणण्यापेक्षा "मागच्या वर्षी 15 टक्क्यांतून नेमकं काय घेतलं आणि अखर्चित किती राहिलं?" हा प्रश्न विचारा. उत्तर अंदाजपत्रकात, म्हणजे नमुना 1 मध्ये, आणि खर्चाच्या नोंदींत असतं. पुष्कळदा हा पैसा मार्चअखेर सतरंज्या, भांडी आणि दिव्यांवर संपवलेला दिसतो. दिवे वाईट नाहीत, पण वस्तीला काय हवं हे वस्तीला न विचारता घेतलेले असतात.

यावर हमखास येणारा टोला म्हणजे "आधी घरपट्टी भरा." त्याची तयारी ठेवून जा. थकबाकीची वसुली आणि 15 टक्क्यांचा खर्च हे दोन वेगळे विषय आहेत, हे शांतपणे सांगा. पण बोलणाऱ्यांनी तरी स्वतःची पावती खिशात ठेवावी, म्हणजे तो टोला तिथंच संपतो.

दुसरा, वित्त आयोगाचा निधी. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची, ठेवली होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्याला आणि निम्मी स्वच्छतेला. उरलेली 40 टक्के अबंधित. म्हणून बंधितमधून रस्ता मागितला की नकारच मिळणार, तेच सांडपाण्याचं काम त्यात बसवता येतं. चालू वर्षाचे निकष ग्रामसेवकांकडून विचारून घ्या आणि मागणी त्या चौकटीत बसेल अशी लिहा.

तिसरा, वस्तीसाठीच्या वेगळ्या योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून चालते. निधी लोकसंख्येवर ठरतो आणि वस्ती पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात असावी लागते. आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे, तांड्यांसाठी वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना. सगळ्यालाच सरसकट "दलित वस्तीचा निधी" म्हणून मागितलं की पारध्यांची, धनगरांची, लमाणांची घरं कुठेच बसत नाहीत आणि "तुमची वस्ती योजनेत नाही" हे उत्तर मिळतं. बृहत् आराखड्यातली लोकसंख्याही तपासा. जुना, कमी आकडा तसाच पुढे गेला असेल, तर निधीचा टप्पाच खाली येतो.

फेब्रुवारीत जाऊन याच वर्षात काम मागणं

ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि हिवाळ्यात आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो. त्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. म्हणजे पहिली बैठक पाऊस ओसरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात. पावसात गटार कुठे तुंबतं, पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागतं, याचे फोटोही तेव्हाच मिळतात. आराखडा चढल्यावर त्याच पोर्टलवर आपलं काम खरंच आहे का, किती रकमेचं आहे, हे कोणालाही पाहता येतं. ते पाहिल्याशिवाय "आराखड्यात घेतलंय" या शब्दावर विसंबू नका.

सरपंच ताईंना सोडून त्यांच्या घरच्यांशी बोलणं

महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही बैठक पतीशी होते, आणि "ते सगळं बघतात" म्हणत आपणच ती पद्धत पक्की करतो. तोट्याचं कारण साधं आहे: सभेत ठराव मांडायला पती नसतो आणि देयकावर त्याची सही चालत नाही. वेळ ठरवून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ताईंना भेटा, निवेदन त्यांच्या हातात द्या, सोबत वस्तीतल्या दोन बायका असू द्या. त्याच बैठकीत ग्रामसेवक भाऊसाहेब हवेत (2024 पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात हाक तीच आहे). कुठलं काम कुठल्या शीर्षात बसतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

जाता जाता: हिवरे बाजार या आदर्श गावाचं उदाहरण पहिल्या बैठकीत देऊ नका. प्रत्येक सरपंचानं ते शंभरदा ऐकलेलं असतं आणि त्याचा अर्थ "तुम्ही निकामी" असाच लागतो. शेजारच्या गावानं गेल्या वर्षी केलेलं छोटं काम जास्त कामाला येतं.

ग्रामसभेत बोललं, पण ठराव झाला नाही

हातवारे करून वीस मिनिटं बोललेलं इतिवृत्तात "यावर सविस्तर चर्चा झाली" एवढंच उरतं. या वाक्यावर कुठलाही अभियंता अंदाजपत्रक करायला येत नाही. ठराव असा हवा:

"प्रभाग 3 मधील अंगणवाडी इमारतीपासून ओढ्यापर्यंत 120 मीटर बंद गटाराचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात स्वच्छतेच्या बंधित निधीतून घेण्यात यावे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

ठिकाण, लांबी, निधी, वर्ष, आणि दोघांची नावं. विषय आधी लेखी देऊन पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. "ऐनवेळचे विषय" यावर भिस्त ठेवली तर तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते. सभा संपल्यावर ठराव वाचून दाखवायला सांगा आणि ठराव क्रमांक लिहून घ्या.

गणपूर्तीचं गणितही लक्षात असू द्या. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. ते नसले की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे तिथं मोजकी माणसं अख्ख्या गावाचा निर्णय घेऊ शकतात. मजुरीवर जाणारी वस्ती पहिल्या सभेला कशीबशी येते, दुसऱ्या खेपेला रोज बुडवून येत नाही, आणि नेमकं तिथंच तिचं काम यादीतून खाली सरकतं. तहकूब सभेची तारीख त्याच दिवशी विचारून घ्या आणि किमान दहा जण नक्की पाठवा.

बायकांचे विषय महिला सभेत पक्के करा. ती ग्रामसभेच्या आधी घेणं बंधनकारक आहे. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा, हे मुख्य सभेत उठून सांगणं जड जातं. महिला सभेचा ठराव म्हणून ते आलं की ग्रामसभेत वाचलं जातं.

मंजुरी आली की बोलणं थांबवणं

मंजूर कामाची जागाच बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत. कार्यारंभ आदेशाची, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी आदेशाची, प्रत घ्या आणि आखणीच्या दिवशी जागेवर हजर राहा. तीन गोष्टी खुंट्या ठोकतानाच विचारायच्या.

गटाराचं पाणी शेवटी जातं कुठे? ओढ्यापर्यंत न नेलेलं गटार म्हणजे शेवटच्या घराच्या दारात केलेलं डबकं. सिमेंट रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याच्या किती खाली आहे? जुना रस्ता न खोदता त्यावर थर चढवत गेलं की रस्ता जोत्याला येऊन टेकतो आणि पहिल्या पावसात पाणी स्वयंपाकघरात शिरतं. आणि नळाची पाइपलाइन रस्त्याआधी टाकली जातेय का? नाहीतर सहा महिन्यांत तोच रस्ता फुटणार. लांबी-रुंदी टेपनं मोजून ठेवा, म्हणजे मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडता येते.

एवढं करूनही काही हलत नसेल, तर चिडून मोर्चा काढण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. मागायचं ते कागद, कारणं नाहीत. "काम का झालं नाही?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही." "ठराव क्रमांक अमुक, दिनांक तमुक यावर पुढे केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात" असं लिहिलं, की फाइल कुठल्या टेबलावर आणि कुठल्या तारखेपासून थांबली ते प्रतींवरच्या तारखांतून कळतं. पुष्कळदा ती सरपंचांकडे नसून तालुक्याला तांत्रिक मान्यतेसाठी पडलेली असते. मग पुढची भेट सरपंचांना सोबत घेऊन पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडे.