जुन्या मोटारीचा क्लच निवडताना: नावावर नको, मापावर मागा

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात, धुळ्याच्या जुन्या पेठांत, शहाद्या-तळोद्याच्या मळ्यांत अजूनही एखादी फियाट, अ‍ॅम्बॅसडर नाहीतर विलीजची जीप शेडमध्ये उभी दिसते. घरचे लोक ती जीव लावून सांभाळतात. पण क्लच गेला की बहुतेक जण एकच चूक करतात. स्पेअरच्या दुकानात जाऊन "फियाटची क्लच प्लेट द्या" म्हणतात, आणि दुकानदार जी प्लेट देईल ती घेऊन येतात. गिअरबॉक्स खाली उतरवून, मिस्त्रीची मजुरी देऊन झाल्यावर कळते की प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढतच नाही, किंवा चढली तरी क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही.

याचे कारण साधे आहे. एवढ्या जुन्या गाडीचे नाव आणि तिच्या पोटातले सामान यांचा मेळ राहिलेला असेलच असे नाही. अ‍ॅम्बॅसडरचेच बघा. जुन्या गाडीत 1489 सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन, पुढे डिझेल, आणि 1990 च्या दशकात इसुझूचे 1.8 लिटर इंजिन वेगळ्या गिअरबॉक्ससह. प्रीमिअरच्या घरात 1089 सीसीची पद्मिनी, 137 डी ही डिझेल, आणि निसानचे 1171 सीसी इंजिन घेतलेली 118 एनई. जीपमध्ये मूळचे 2.2 लिटर पेट्रोल काढून प्यूजोच्या बनावटीचे डिझेल बसवलेल्या गाड्या तर खान्देशात गावोगाव सापडतात. आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरेच, असे सर्रास असते. म्हणून क्लच निवडायचा तो गाडीतून निघालेल्या सामानाच्या मापावर.

आधी क्लचच गेलाय का, ते ठरवा

सपाट जागी गाडी उभी करा. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, टॉपचा गिअर टाका आणि थोडा रेस देत क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतोय. इंजिन फिरतच राहिले तर तो घसरतोय. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

क्लच घसरत नाही, पण रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो, तर तो पूर्ण सुटत नाहीये. अशा वेळी गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी चाल, बघा. वायर किंवा रॉडवाल्या गाडीत तो जुळवून घेता येतो. हायड्रॉलिक असेल तर मास्टर (पेडलजवळचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सजवळचा) सिलिंडर गळतात का, लाइनमध्ये हवा आहे का, रबरी नळी फुगते का हे तपासा. दोन्ही सिलिंडरचे रबर किट बदलून काम भागत असेल तर आतला क्लच उघडण्याची गरजच नाही. सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल गेले तर रबर फुगून बसते.

गाडी उचलताना थरथरत असेल तर इंजिनची माउंटिंग्ज, म्हणजे ते ज्यांवर बसते ती रबरे, बघा. रबर तुटले असेल तर नवा क्लच घालूनही थरथर राहील. क्लच दाबल्यावर आवाज येतो तो बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर घ्या.

आणि तेल. खाली वाकून बेलहाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या, तळाशी बघा. तिथून इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल टपकत असेल तर आधी ती गळती बंद करा. जुन्या बीएमसी इंजिनाच्या मागच्या बाजूला आजच्यासारखा रबरी ऑइल सील नसतो. क्रँकशाफ्टवरच्या आट्यांनी तेल परत आत ओढले जाते. इंजिन झिजले की ते तेल बाहेर येते. तेल लागलेल्या लायनिंगला (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराला) पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर धरून काही होत नाही. ती प्लेट गेलीच समजा, आणि गळती तशीच ठेवली तर नवीही जाईल.

काढलेले सामान फेकू देऊ नका

मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा की जुनी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, एकही वस्तू भंगारात टाकायची नाही. घरी घेऊन या, कागद पसरा, व्हर्निअर कॅलिपर हातात घ्या. पंधरा मिनिटांचे काम आहे, पण यावरच सगळे ठरते.

एक खबरदारी आधी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. बेलहाऊसिंगमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका आणि तोंडाने फुंकू तर अजिबात नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. तोंडाला मास्क लावा. गॅरेजमध्ये काम करणारी पोरे याकडे लक्ष देत नाहीत, तेव्हा गाडीच्या मालकानेच आग्रह धरला पाहिजे.

आता माप. प्लेटचा बाहेरचा व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. जुन्या गाड्या इंचात बनलेल्या: 8 इंच म्हणजे 203 मिलिमीटर, साडेआठ इंच म्हणजे 216. दुकानात मिळणाऱ्या डब्यावर 200 लिहिलेले असते आणि "तेच आहे, चालतं" असे सांगितले जाते. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण प्रेशर प्लेटची कड आणि लायनिंगची कड जुळली पाहिजे. लायनिंग आतून किती व्यासाचे सुरू होते तेही लिहा.

मग मधल्या हबचे दाते, म्हणजे स्प्लाइन. एका दातावर खडूची खूण करा आणि तिथून मोजायला सुरुवात करा, नाहीतर हमखास एक दाता इकडे-तिकडे होतो. दात्यांची संख्या जुळली म्हणजे झाले असे नाही. हबच्या छिद्राचा व्यासही घ्या, कारण सारखेच दहा दाते असलेले शाफ्टही वेगवेगळ्या जाडीचे असतात. जुना हब झिजलेला असतो, म्हणून शक्य असेल तर शाफ्टचेच माप घ्या.

हब दोन्ही बाजूंना किती बाहेर येतो ते मोजा. डॅम्पर स्प्रिंगचा (हबभोवतीच्या धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगचा) फुगवटा कोणत्या बाजूला आहे आणि ती बाजू फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या मागच्या जड चाकाकडे) होती की गिअरबॉक्सकडे, हे काढतानाच मार्करने प्लेटवर लिहून ठेवा. नव्या प्लेटचा फुगवटा जास्त असला तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो.

शेवटी जाडी. जुनी प्लेट झिजलेली, त्यामुळे तिची जाडी उपयोगाची नाही. मॅन्युअलमधला आकडा शोधा. नवी प्लेट गरजेपेक्षा जाड आली तर प्रेशर प्लेटच्या बोटांचा (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबते त्यांचा) कोन बदलतो आणि क्लच सुटत नाही. जुन्या प्लेटवरून एक गोष्ट मात्र कळते: रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पातळीखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उरले असेल तर ती बदलायलाच हवी.

नवी, जुन्या साठ्यातली की रिलायनिंग?

हाच निर्णय खरा अवघड आहे.

चालू उत्पादनातली नवी प्लेट मापात मिळाली तर तीच घ्या. जळगाव-धुळ्यात नाही मिळाली तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मिरी गेट इथे जुन्या गाड्यांचे सामान शोधता येते. मात्र फोनवर गाडीचे मॉडेल सांगून सामान मागवू नका. मापांचा कागद आणि जुन्या प्लेटचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, बाजूला स्केल ठेवून.

जुन्या साठ्यातला डबा बघून मन भुलते. मूळ कंपनीचे लेबल, पिवळा पडलेला कागद. पण तीस वर्षे दमट गोदामात पडलेल्या प्लेटच्या हबवर गंज असतो, लायनिंग ठिसूळ झालेले असते, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यताही जास्त. डबा उघडून, प्लेट उजेडात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती वाकडी नाही ना, हे काचेवर ठेवून बघा.

रिलायनिंग म्हणजे जुन्याच हबवर नवे लायनिंग रिव्हेट करून घेणे. काही जण याला कमी लेखतात. माझे मत उलटे आहे. हब धडधाकट असेल, दाते झिजले नसतील, डॅम्पर स्प्रिंग सैल वाजत नसतील, तर मूळ हबवर चांगल्या माणसाने केलेले रिलायनिंग बाजारातल्या जवळपासच्या मापाच्या प्लेटपेक्षा केव्हाही बरे. रिव्हेट पितळेचे किंवा तांब्याचे हवेत. लोखंडी रिव्हेट उघडे पडले की फ्लायव्हीलवर चरे पाडतात. दोन लायनिंगमधल्या पत्र्याला किंचित लाट असते, तिच्यामुळे क्लच मऊ धरतो. ठोकताना ती सपाट केली तर गाडी झटका देऊन उचलेल, हे कारागिराला सांगून ठेवा.

लायनिंग ऑरगॅनिक, म्हणजे नेहमीचेच घ्या. सिरॅमिक किंवा धातूमिश्रित पॅड रेसिंगच्या आणि अवजड गाड्यांना शोभतात. जुन्या गाडीत ते एकदम पकडतात, फ्लायव्हील खातात आणि गिअरबॉक्सला धक्के देतात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो आणि त्याच हंगामात या गाड्या वरातीत बँडमागे तासभर अर्ध्या क्लचवर चालवल्या जातात. नवरदेवाची गाडी म्हणून ज्यांची गाडी जाते, त्यांनी लायनिंगवर खर्च वाढवण्यापेक्षा चालवणाऱ्याला एक सांगावे: वरात पुढे सरकली की गाडी सरळ पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून थोडी न्यायची, मग न्यूट्रल करून थांबायचे.

प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील

प्रेशर प्लेट दोन जातींची: तीन बोटांची, कॉइल स्प्रिंगवाली, आणि एका गोल डायफ्रॅमवाली. डायफ्रॅमचा पेडल हलका लागतो म्हणून बदलण्याचा मोह होतो. पण रिलीज बेअरिंग, त्याचा प्रवास आणि कव्हरची उंची हे सगळे तिच्याबरोबर बदलते. ज्याने तुमच्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीवर हे आधी केले आहे असा मिस्त्री असेल तरच त्या वाटेला जा. मूळ जातीचीच घ्यायची तर बोल्टांची संख्या, समोरासमोरच्या बोल्टांमधले अंतर आणि डॉवेल पिनची (नेमकी जागा ठरवणाऱ्या खिळ्यांची) छिद्रे जुळवा. टेबलावर ठेवून तिन्ही बोटांची उंची मोजा. ती सारखी हवी.

"थोडी कडक प्रेशर प्लेट टाकू, कधी घसरणार नाही" हा सल्ला ऐकू नका. दर वेळी पेडल दाबताना तो जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर, येतो. जुन्या इंजिनात ते वॉशर झिजणे म्हणजे सगळे इंजिन उघडणे.

रिलीज बेअरिंग नवेच टाका. जुन्या ब्रिटिश बनावटीत ते कार्बनच्या कडीचे असते. कडी धातूच्या वाटीजवळ आली की संपली. पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक ज्यात फिरते ती नळी) सच्छिद्र पितळी असेल तर बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे, चरे दिसले तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड उतरवून, घ्या, लागेल तेवढेच. तडा खोल असेल तर फ्लायव्हील बदला. फ्लायव्हीलला पायरी असेल तर पायरीची दोन्ही तोंडे सारखीच उतरवायला सांगा, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

बसवण्याआधी आणि नंतर

नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. ती अडखळता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. प्लेट मध्यात आणायला जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर टर्नरकडून त्याच मापाची लाकडी दांडी काढून घ्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. स्प्लाइनला ग्रीस बोटाच्या टोकाएवढेच. जास्त झाले तर उडून लायनिंगवर बसते.

पहिले 500 किलोमीटर माल, घाट आणि वरात टाळा. कन्नडचा किंवा तोरणमाळचा घाट नंतरही तिथेच असतो. लायनिंग बसले की पेडलचा फ्री प्ले बदलतो, तेव्हा गाडी पुन्हा मिस्त्रीकडे नेऊन मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या, आणि मापांचा तो कागद आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा.