आधी प्रोसेसर बघा, मग कर्नेल टाका

जळगाव-भुसावळकडे शाळेच्या संगणक खोलीत किंवा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर दहा-पंधरा वर्षांचे पीसी अजून सापडतात. त्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकताना घोळ होतो तो कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पॅकेजपाशी. चुकीचं निवडलं, तर मशीन सुरूच होत नाही; किंवा सुरू होतं, पण ८ जीबी रॅम असून तीनेक जीबीच वापरतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या छोट्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.)

१. 'एलएससीपीयू' चालवा. 'सीपीयू ऑप-मोड' या ओळीत ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही दिसले, तर प्रोसेसर ६४-बिट आहे. पुष्कळ जण त्याऐवजी 'युनेम -एम' बघतात आणि तिथेच फसतात. ती आज्ञा आत्ता चालू असलेलं कर्नेल सांगते, प्रोसेसरची कुवत नव्हे. कोर २ ड्युओवर पूर्वी कुणी ३२-बिट कर्नेल टाकून ठेवलं असेल, तर उत्तर 'आय६८६' असंच येणार. नुसत्या वयावरूनही ठरवू नका: २००६ चा कोर २ ड्युओ ६४-बिट आहे, पण २००८ च्या नेटबुकांतला अ‍ॅटम एन२७० फक्त ३२-बिट.

२. ६४-बिट असेल, तर पॅकेज 'लिनक्स-इमेज-एएमडी६४'. "आमचा तर इंटेल आहे" म्हणून इथे थबकायचं कारण नाही. खानदेशी भरीत पुण्यातही भाजतात ना, तसंच हे नाव. ही ६४-बिट रचना एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरबरोबर बाजारात आणली, इंटेलने पुढे तीच उचलली. नाव मात्र पहिल्याचं राहिलं. 'आयए६४' हे इंटेलचं वाटतं, पण ते इंटेलच्याच इटॅनियम या वेगळ्या जातीच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

३. फक्त ३२-बिट असेल, तर 'ग्रेप पीएई /प्रोक/सीपीयूइन्फो' चालवा. काही छापून आलं, तर 'लिनक्स-इमेज-६८६-पीएई'. काहीच आलं नाही, तर 'लिनक्स-इमेज-६८६'. पीएईमुळे ३२-बिट कर्नेलला ४ जीबीच्या पलीकडची रॅम, ६४ जीबीपर्यंत, दिसते. काही पेंटियम एम चिपांत ही सोय असूनही त्या सांगत नाहीत; तिथे बूट ओळीत 'फोर्सपीएई' जोडावं लागतं. आणि ही दोन्ही पॅकेजं डेबियन १२ पर्यंतच. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नेल नाही.

नावात 'क्लाउड' जोडलेलं पॅकेज क्लाउड सर्व्हरसाठी असतं; घरच्या मशीनवर ते नको, त्यात बरेच ड्रायव्हर गाळलेले असतात. 'आरटी'चीही (रिअल-टाइम) रोजच्या कामाला गरज नाही.

४. टाकण्याआधी 'डीएफ -एच /बूट' करून २०० एमबी तरी मोकळी आहे ना ते पाहा. मग 'सुडो एपीटी अपडेट' आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-इमेज-एएमडी६४' (प्रोसेसर ३२-बिट असेल, तर इथे तिसऱ्या पायरीतलं नाव). आवृत्तीचा आकडा असलेलं पॅकेज निवडू नका. बिनआकड्याचं घेतलं, की पुढची कर्नेलं अपडेटसोबत आपोआप येतात. आधीची सिस्टीम ३२-बिट असेल, तर एपीटी "पॅकेज सापडत नाही" म्हणेल. तेव्हा आधी 'सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर एएमडी६४' द्या, पुन्हा अपडेट करा आणि पॅकेजच्या नावाच्या शेवटी ':एएमडी६४' लावा. वायफायचा ड्रायव्हर वेगळा बांधलेला असेल, तर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४'ही घ्या, नाहीतर रीबूटनंतर वायफाय गेलेलं असेल.

वैशाखातल्या दुपारी हे काम यूपीएसशिवाय काढू नका. मध्येच लाइट गेली, तर इनिट्रॅमएफएसची (मशीन सुरू होताना कर्नेलला आधी लागणारी) फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी "रूट फाइलसिस्टीम जोडता येत नाही" म्हणत कर्नेल पॅनिक होतं, म्हणजे तिथेच अडकतं. अशा वेळी सगळं पुन्हा टाकायला धावू नका. ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नेल सुरू करा, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा आणि मग 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल'. ३२-बिट चिपवर चुकून एएमडी६४ टाकलं, तर "एक्स८६-६४ सीपीयू हवा" एवढं म्हणून मशीन थांबतं. सुटकेची वाट तीच, जुनं कर्नेल.

५. रीबूट करा. आता 'युनेम -एम' विचारायला हरकत नाही: ६४-बिट कर्नेल टाकलं असेल, तर 'एक्स८६_६४' आलं पाहिजे. 'फ्री -एच'मध्ये रॅम पूर्ण दिसते का तेही बघा. प्रिंटर, वायफाय, आवाज आठवडाभर नीट चालू दे, तोवर जुनं कर्नेल काढू नका. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' त्यानंतरच.